मोठं पिंप, छोटं पिंप आणि बारोलोची भाऊबंदकी

भारत आणि युरोपीय संघाच्या मुक्त व्यापार कराराची बातमी आली त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न गाड्यांचा नव्हता, वाइनचा होता. परदेशी वाइनवर आपल्याकडे १५० टक्के सीमाशुल्क लागत आलंय. ते टप्प्याटप्प्याने उतरणार असेल तर इटलीची ती भारी वाइन आपल्याला परवडेल का? एका मित्राने विमानतळावरच्या दुकानातला फोटोच टाकला. बाटलीवर 'बारोलो', खाली चार वर्षांपूर्वीचं साल, आणि शेजारच्या पाटीवर 'पारंपरिक पद्धतीने, कौटुंबिक वायनरीत बनवलेली'. त्यावर दुसऱ्याचा प्रश्न आला, "पारंपरिक म्हणजे काय रे? पायाने तुडवतात का?"

नाही, पायाने तुडवत नाहीत. पण प्रश्न बरोबर जागी पडलाय. इटलीच्या त्या कोपऱ्यात 'पारंपरिक' या एका शब्दावरून घरं फुटली. एका मुलाने बापाची लाकडी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली आणि बापाने त्याला वारशातून काढून टाकलं. तिकडे येऊच. आधी द्राक्ष.

बारोलो हे नाव कशाचं?

गावाचं. वायव्य इटलीत पिएमोंते नावाचा प्रांत आहे, त्यात लांगे नावाच्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांतलं एक छोटं गाव म्हणजे बारोलो. जवळचं शहर आल्बा. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी आल्बाचा माल तुमच्या घरात येऊन गेलेला असतो: न्यूटेला आणि फेरेरो रोशे बनवणारी कंपनी १९४६ साली तिथेच सुरू झाली, कारण याच टेकड्यांवर हेझलनट पिकतं.

बारोलो हे नाव बाटलीवर लावायचं तर कायद्याने द्राक्षं ठरावीक अकरा गावांतलीच लागतात आणि जातही एकच, नेब्बिओलो. दुसऱ्या कुठल्या द्राक्षाचा थेंब चालत नाही. येवल्याची पैठणी किंवा नाशिकची द्राक्षं यांना जसं भौगोलिक मानांकन, तसाच हा प्रकार, फक्त नियम जास्त कडक. १९८० साली बारोलोला इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला.

नेब्बिओलो हे नाव इटालियन भाषेतल्या धुक्याच्या शब्दावरून आलं असं बहुतेक जण मानतात. तोडणीच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास, त्या दऱ्यांत दाट धुकं साचतं. नाशिककडच्या बागायतदाराला या वेलीचं वेळापत्रक उलटं वाटेल. आपल्याकडे वेल कधी पुरती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोड छाटणी अशा दोन छाटण्या देऊन तिला वळणावर आणावं लागतं. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, वेल ठार झोपते, छाटणी एकदाच. नेब्बिओलो लवकर फुटते आणि सगळ्यात उशिरा पिकते, त्यामुळे तिला ऊन भरपूर लागतं. जुने शेतकरी जागा कशी निवडायचे? हिवाळा संपताना उतारावरचा बर्फ कुठे आधी वितळतो ते बघायचे. तिथे नेब्बिओलो, उरलेल्या जागेवर बाकीच्या जाती.

एवढी नावाजलेली वाइन तुरट का?

माझ्या वाट्याला बारोलो एकदाच आली. पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी, रविवारी दुपारी. रंग बघून आम्ही जरा हिरमुसलोच. कोकमाचं सरबत पातळ केल्यासारखी फिकी, कडेला विटकरी झाक. पहिला घोट घेतला आणि डाळिंबाची साल चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली.

फिका रंग आणि तुरटपणा दोन्ही नेब्बिओलोच्या सालीतून येतात. तिच्यात रंगद्रव्य कमी आणि टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे साली, बिया आणि लाकडात असणारी तुरट द्रव्यं. सुपारी, हिरडा, जांभूळ, जास्त उकळलेला चहा या सगळ्यांत ती असतात. टॅनिन प्रथिनांना धरतं. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिनने ती धरली की तोंड कोरडं पडतं. कोरा चहा तुरट लागतो आणि दूध घातलं की तो तुरटपणा दबतो, यामागे हेच आहे: टॅनिनला लाळेऐवजी दुधातली प्रथिनं मिळतात. म्हणून तिकडचे लोक बारोलो नुसती पीत नाहीत, मंद आचेवर शिजवलेलं मांस किंवा चीज सोबत घेतात.

आता असा तुरट रस पिण्याजोगा करायचा कसा? बारोलोतलं सगळं भांडण या एका प्रश्नावर आहे.

पारंपरिक पद्धत म्हणजे नेमकं काय?

लाल वाइन सालीसकट आंबवतात. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा मद्यार्क होतो. पारंपरिक घरांत हे यीस्ट बहुधा विकतचं नसतं, द्राक्षांवर आणि तळघरात जे असतं तेच काम करतं. आंबोळीचं पीठ काही न घालता रात्रीत फुगतं, तसं.

आंबताना वायू सुटतो आणि साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर बसतो. तो कोरडा पडला तर बिघडतो. लोणच्याच्या बरणीत फोडी तेलाच्या वर आल्या की आजी जे करायची तेच इथे करतात. आजी दगड ठेवायची. हे लोक लाकडी फळ्या आडव्या बसवून साली रसाखाली दाबून धरतात. असा महिनाभर, काही घरांत पन्नासेक दिवस, सालीचा अर्क उतरू देतात. चहा पाच मिनिटं ठेवायचा की तासभर, असा हा फरक. तासभर ठेवलेला चहा कडू होईल. पण हा चहा लगेच प्यायचा नाहीये.

पुढे वसंतात तळघर कोमट झालं की आणखी एक बदल होतो. हिरव्या सफरचंदात जे आंबट आम्ल असतं त्याचं बॅक्टेरिया दह्यातल्या सौम्य आम्लात रूपांतर करतात. मग वाइन जाते मोठ्या लाकडी पिंपात. या पिंपाला तिकडे 'बोत्ते' म्हणतात. दोन हजार, पाच हजार, कधी दहा हजार लिटरचं, माणूस आत उतरून घासू शकेल एवढं. ओक लाकूड पारंपरिकपणे क्रोएशियातल्या स्लाव्होनियाचं. एक पिंप तीस-चाळीस वर्षं सहज वापरतात.

किती दिवस? कायदा म्हणतो, तोडणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांतले निदान १८ लाकडात. म्हणजे २०२१ सालची बारोलो २०२५ च्या जानेवारीआधी दुकानात येऊच शकत नव्हती. 'रिझेर्व्हा' लिहिलेली असेल तर ६२ महिने. या काळात टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि तुरटपणाची धार जाते. कैरीचं लोणचं मुरतं म्हणतो ना आपण, 'मुरणं' हा शब्द इथे तंतोतंत बसतो.

पिंप छोटं असलं तर काय बिघडलं?

फ्रान्समध्ये वापरतात त्या छोट्या पिंपाला बॅरिक म्हणतात, साधारण २२५ लिटरचं. भांडं जितकं छोटं, तितका आतल्या प्रत्येक लिटरला भिंतीचा स्पर्श जास्त. पाच हजार लिटरच्या पिंपाशी तुलना केली तर बॅरिकमध्ये दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जवळजवळ पावणेतीन पट होतो. वर ते लाकूड नवीन आणि आतून भाजलेलं. नव्या माठातलं पहिल्या आठवड्याचं पाणी आठवा. पाण्याआधी माती लागते. नव्या बॅरिकमधल्या वाइनला तशी व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, कॉफी अशी चव लागते. जुन्या मोठ्या पिंपाची स्वतःची चव कधीच संपलेली असते. त्याचं काम एवढंच, की लाकडाच्या छिद्रांतून अगदी थोडी हवा आत येऊ द्यायची.

बॅरिकमुळे रंग टिकतो, धार लवकर मऊ होते, वाइन लवकर पिता येते. बिघडलं काही नाही. पण मग ती नेब्बिओलोची चव की लाकडाची, हा प्रश्न उरतो.

करवतीची गोष्ट

विसाव्या शतकाच्या मध्यावर लांगेच्या टेकड्या श्रीमंत नव्हत्या. शेतकरी बहुतेक द्राक्षंच विकायचा. आल्बाच्या चौकात द्राक्षांनी भरलेल्या गाड्या उभ्या राहायच्या आणि व्यापारी मुद्दाम संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायचे. तोडलेला घड परत वेलीला लावता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक. (आपल्या बाजार समितीत उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.) तरुण पोरं तुरिनला फियाटमध्ये गेली, नाहीतर आल्बात फेरेरोच्या कारखान्यात लागली.

ला मोर्रा गावचा एलियो आल्तारे हा अशाच घरातला मुलगा. १९७६ साली तो फ्रान्सच्या बर्गंडीत गेला. तिथला शेतकरी आपल्याएवढ्याच जमिनीवर किती सुखात जगतो, हे त्याने पाहिलं. तिथे तळघरं स्वच्छ, पिंपं छोटी आणि नवी. परत येऊन त्याने उन्हाळ्यात हिरवे घड कापून टाकायला सुरुवात केली, म्हणजे आपल्याकडची विरळणीच. उरलेले घड नीट पिकावेत म्हणून. ज्या पिढीने उपास काढले होते तिला हे देवाने दिलेलं मातीत टाकणं वाटलं. मग १९८३ मध्ये त्याने करवत घेतली आणि तळघरातली बापाची जुनी पिंपं कापली. बापाने त्याला वारशातून वगळलं ते कायमचं. वडील गेल्यावर त्याला बहिणींकडून स्वतःच्याच घरची जमीन विकत घ्यावी लागली.

आल्तारे आणि त्याच्यासारख्या तरुणांना 'आधुनिक' म्हणू लागले. सालीसोबत महिन्याऐवजी काही दिवस, मोठ्या पिंपाऐवजी बॅरिक. नव्वदच्या दशकात अमेरिकन समीक्षकांनी शंभरपैकी भरभरून गुण दिले, भाव चढले, आणि ज्यांना काल कुणी विचारत नव्हतं त्यांच्या दारात खरेदीदार येऊन उभे राहिले.

दुसऱ्या बाजूला बारोलो गावातच बार्तोलो मास्कारेल्लो होते. दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढलेले, वडिलांनी १९१८ साली सुरू केलेली पाचेक हेक्टरची घरची वायनरी सांभाळणारे. उतारवयात चाकाच्या खुर्चीत बसून ते बाटल्यांची लेबलं हाताने रंगवायचे. टीव्ही वाहिन्यांचे मालक बर्लुस्कोनी इटलीच्या राजकारणात भरात असताना त्यांनी एका लेबलावर लिहिलं: 'बॅरिक नको, बर्लुस्कोनी नको'. त्यांच्या लेखी दोन्ही एकाच माळेचे मणी: चकचकीत, झटपट आणि सगळीकडे सारखंच दिसणारं. २००५ मध्ये ते गेले. आज त्यांची मुलगी मारिया तेरेसा तशीच वाइन करते, एकाच प्रकारची बारोलो, वेगवेगळ्या बागांची द्राक्षं एकत्र करून: कान्नूबी, सान लोरेंझो, रुए, आणि शेजारच्या ला मोर्रातली रोक्के. बाकीचे लोक एकेका बागेची वेगळी बाटली काढून चढ्या भावाने विकतात. मास्कारेल्लोंचं म्हणणं गोडा मसाला करणाऱ्या बाईसारखं आहे. दगडफूल एकटं कितीही उत्तम असलं तरी ते मसाला नव्हे.

पण ही परंपरा तरी कितीशी जुनी?

हा आक्षेप खरा आहे आणि पारंपरिकवाल्यांना जरा अडचणीचा. १७८७ साली थॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तुरिनमध्ये नेब्बिओलो प्याले. त्यांनी नोंदवलं की ही वाइन गोड आहे, तुरट आहे आणि शॅम्पेनसारखी फसफसते. गोड आणि फसफसणारी! उशिरा पिकलेली द्राक्षं, त्यात थंडी, त्यामुळे आंबणं अर्ध्यावर थांबत असावं. कोरडी, म्हणजे साखर न उरलेली बारोलो एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. तेव्हा तीच 'आधुनिक' होती. आणि शेतकऱ्याने स्वतःच्या नावाने बाटली भरणं हे तर बहुतेक घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

तेव्हा आजोबांच्या वेळी होतं तसंच्या तसं, असा 'पारंपरिक' या शब्दाचा अर्थ नाही. आजोबांची काही पिंपं खरोखर कुबट होती. आल्तारेने उगाच करवत घेतली नाही. आजची पारंपरिक तळघरं स्वच्छ आहेत, तापमानावर लक्ष आहे, विरळणी सगळेच करतात. उलट कालच्या आधुनिकांपैकी बरेच जण नव्या बॅरिक कमी करून मोठ्या पिंपांकडे वळलेत. माझ्या मते भांडण दोघांनी थोडं थोडं जिंकलं: स्वच्छता पोरांची राहिली, वाट बघणं म्हाताऱ्यांचं.

एवढी महाग का? घरचीच तर आहे

घरची आहे म्हणूनच. बारोलोत हेक्टरी आठ टनांवर द्राक्ष घेता येत नाही, म्हणजे एकरी सव्वातीन टन. आपल्या खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार हा आकडा ऐकून हसेल. त्यावर तीन वर्षांहून जास्त माल तळघरात अडकलेला. चांगल्या उतारावरची जमीन आता हेक्टरी दहा लाख युरोंच्या वर जाते, आणि इथे घरपणाची पंचाईत होते. इटलीच्या कायद्यात प्रत्येक मुलाचा ठरलेला वाटा असतो, बापाने वगळलं तरी मुलाला तो कोर्टात मागता येतो. एकाला वायनरी चालवायची असेल आणि दोघांना पैसे हवे असतील तर तो कुठून देणार? वाटणीची कागदपत्रं पाहिलेल्या मराठी माणसाला पुढचं कळतंच. २०१६ मध्ये व्हिएत्ती हे नामवंत कौटुंबिक नाव एका अमेरिकन उद्योजक घराण्याने विकत घेतलं.

सीमाशुल्क उतरलं तरी बारोलो स्वस्त होणार नाही. कमी महाग होईल एवढंच. राज्याचे कर आणि दुकानदाराचा वाटा आहेच.

नाशिकला होईल का अशी?

नेब्बिओलो आपलं गाव सोडून फारशी कुठे रमत नाही. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियात थोडी आहे. आपल्याकडे इटलीचा धागा दुसऱ्या द्राक्षातून आला. अकलूजची फ्रातेल्ली वाइन्स इटालियन बंधूंच्या भागीदारीत सुरू झाली आणि तिथे तस्कनीचं सांजोव्हेसे लावलंय. पण बारोलोसारखी लांब, थंड शरद आपल्याला नाही. आपली वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या वाढत्या उन्हात निघतात. वेगळी वाइन होईल, ही होणार नाही.

रसायनं नसतात ना?

लेबलावर 'सल्फाइट आहे' लिहिलेलं दिसलं की लोक दचकतात. लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर युरोपात ते लिहावंच लागतं, आणि पारंपरिक घरंही थोडं वापरतातच. गंधकाचंच रूप ते. तासगाव-सांगलीच्या सोनेरी बेदाण्यालाही गंधकाची धुरी असते. शाकाहारींनी विचारायचं ते वेगळंच: वाइन नितळ करायला कधी कधी अंड्यातला पांढरा भाग वापरतात. वर्षानुवर्षं पिंपात निवळणाऱ्या वाइनला त्याची गरज बहुधा पडत नाही, पण खात्री करून घ्यावी.

आणि 'लाल वाइन हृदयाला चांगली' हे सांगून कुणी बाटली खपवत असेल तर थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. ७५० मिलिलिटरची, १४ टक्क्यांची बाटली म्हणजे १०५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, साधारण आठ छोटे पेग. परंपरा, कुटुंब, हाताने रंगवलेलं लेबल, यातल्या कशानेही तो आकडा कमी होत नाही.

बाटली हाती आलीच तर

आमच्या त्या रविवारी दोन चुका झाल्या. बाटली उघडून लगेच ओतली, आणि सोबत झणझणीत कोल्हापुरी सुकं मटण. तिखट, मद्यार्क आणि टॅनिन एकत्र आले की तोंडात आगच लागते. अशा वाइनला सौम्य, स्निग्ध काहीतरी हवं, आणि पिण्याआधी दोन-तीन तास मोकळी हवा. रुंद तोंडाच्या भांड्यात हलक्या हाताने ओतून ठेवायची, तळाचा गाळ बाटलीतच राहू द्यायचा. तो गाळ म्हणजे भेसळ नव्हे, खाली बसलेलं टॅनिन आणि रंग.

अर्धी बाटली उरली होती, ती मैत्रिणीने बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी रात्री तिचा फोन आला. वरण-भात-तूप झाल्यावर तिने सहज अर्धा ग्लास ओतला होता. म्हणाली, "अगं, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा वास येतोय. काल कुठे होता हा?"